नवं कापड गोधडीत घालत नाहीत

रजनी,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला सापगावात सगळे जमले होते. तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलला. नोकरी कशी केलीस, लेकीला, सोनलला, कशी शिकवलीस, स्वभाव किती शांत होता. सगळं खरं होतं, तरी मला वाटत होतं ही कुणा दुसऱ्याच बाईची गोष्ट चालली आहे. शेवटी माइक माझ्यापर्यंत आला. "मंदाताई, तुमची तर शाळेपासूनची मैत्रीण, दोन शब्द बोला." मी माइक हातात घेतला आणि तसाच पुढच्या माणसाकडे दिला. बाजारात गिऱ्हाइकाला, स्टँडवर रिक्षावाल्याला, घरात नवऱ्याला ताबडतोब उत्तर देणारी मी, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तू असतीस तर तिथल्या तिथे म्हणाली असतीस, "काय गो मंदे, ब्लाऊज शिवता शिवता जीभ पण शिवलीस काय?"

म्हणून हे लिहिते आहे. शिवाय आपला वाद अजून मिटलेला नाही, आणि तुझ्या फोटोसमोर, तुझ्या चुलत्या-मावश्यांच्या देखत तो काढणं बरं दिसलं नसतं. खरं तर तो सुरू झाला होता माइकवरच. मुरबाडला, त्या गोधड्यांच्या प्रदर्शनात.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. म्हसा गावची जत्रा जवळ आली होती आणि बचत गटाच्या बायकांनी मुरबाडच्या एका मंगल कार्यालयात गोधड्यांचं प्रदर्शन भरवलं होतं. गावोगावच्या गोधड्या दोऱ्यांवर टांगल्या होत्या. माझीही एक होती. आणि दारावरच्या फलकावर तुझा फोटो होता, चष्म्यातला, गंभीर चेहऱ्याचा. खाली लिहिलं होतं, 'संध्याकाळी सहा वाजता वस्त्र डिझायनर रजनीताईंचं व्याख्यान'. तो फलक वाचून मी रस्त्यातच हसत सुटले. "व्याख्यान? तू? वर्गात हजेरी देताना तुझा आवाज बाईंना ऐकू जायचा नाय."

"तू पहिल्या रांगेत बसू नको," तू म्हणालीस. "तुझं तोंड बघितलं की मला हसू येतं."

तू काय काम करतेस ते मला इतकी वर्षं नीट माहीत नव्हतं. कुणी विचारलं तर मी सांगायचे, आमची रजनी कापडावर फुलं काढते. आसनगावहून रोज गाडी पकडून कल्याणपलीकडच्या त्या कापड छापायच्या कारखान्यात जायचीस, संध्याकाळी परत यायचीस, बोटांना निळा नाहीतर लाल रंग लागलेला असायचा. पुढे तेही बंद झालं, कॉम्प्युटर आला. गाऊनचं कापड, चादरी, उशीचे अभ्रे, स्वस्तातले पडदे. त्या कापडावर कारखान्याचं नाव असायचं, कधी तेही नसायचं. तुझं तर कधीच नव्हतं. चित्रकाराला निदान कोपऱ्यात सही करता येते.

गाऊनबद्दल माझं मत तुला ठाऊक होतं, तरी पुन्हा सांगते. मी ब्लाऊज शिवून पोट भरणारी बाई. सकाळपासून रात्रीपर्यंत गाऊनमध्ये वावरणारी, बाजारात येताना वर नुसती ओढणी टाकणारी बाई ब्लाऊज कशाला शिवून घेईल? तुझ्या कारखान्याने माझा धंदा बसवला असं मी तुला दर दिवाळीला ऐकवायचे. तू म्हणायचीस, "माझ्या गाऊनमुळे बायकांना श्वास तरी घेता येतो. तुझे ब्लाऊज बघ, काखेत काचतात." काचत नाहीत. हे मी आजही सांगते.

तर त्या दिवशी आपण दुपारीच पोचलो. तुझ्याकडे लॅपटॉप होता, त्यात पडद्यावर दाखवायची चित्रं. सोनल ती जोडाजोडी करत बसली आणि आपण दोघी गोधड्या बघत फिरलो. तिसऱ्या की चौथ्या गोधडीपाशी तू थांबलीस. चष्मा वर केलास, एका ठिगळावर बोट ठेवलंस. विटकं जांभळं कापड, त्यावर कसलीशी वेल.

"मंदे, हे माझं आहे."

"काय तुझं?"

"ही वेल. मी काढलीय."

पुढच्या गोधडीत तुझे ठिपके निघाले. तिच्या शेजारच्या गोधडीत तुझे गुलाब, दोन रंगांतले, धुऊन धुऊन ताकासारखे फिके पडलेले. मग तू भराभर चालायला लागलीस. एकेका गोधडीजवळ जायचीस, वाकायचीस, आणि मागे वळून मला नुसतं बोट दाखवायचीस. तुझ्या तारुण्यातल्या वेली, सोनल लहान असतानाचे मोर, निवृत्तीच्या आधीच्या कॉम्प्युटरवरच्या रेघा, सगळं त्या हॉलमध्ये टांगलेलं होतं. कुणाच्या सासूचा गाऊन, कुणाच्या बाळाचं दुपटं, कुणाची फाटलेली चादर. मध्येच तू गोधडीची दोरी धरून थांबलीस. मला वाटलं तुला चक्कर येते आहे, म्हणून मी पाण्याची बाटली काढली. तू ती घेतली नाहीस. डोळे पुसायला पदर मात्र माझाच घेतलास.

आणि मग आपण माझ्या गोधडीपाशी आलो.

तू ती वरून खाली बघितलीस. मग खालून वर. माझ्या सासूची लुगडी, नवऱ्याचे सदरे, माझ्या दोन साड्या, पोराचे शाळेचे शर्ट. मी गाऊन घालत नाही, माझ्या घरात कुणी घातला नाही, तेव्हा तुझी फुलं तिच्यात येणार कुठून? तू कोपरा चाचपलास. "हे काय टोचतंय गो?"

"घास हाय तो."

तुला कधी सांगितलं नव्हतं का? आमच्याकडे गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत भाकरीचा एक तुकडा ठेवतात. घास भरवायचा आणि मग टाके घालायचे. उपाशी गोधडीत झोप लागत नाही असं माझी आई मानायची, आणि मीही मानते.

"गोधडीला भूक लागते?" तू म्हणालीस. "आमच्याकडे असलं काय नाय. मुंग्या लागतील तुला." पण तू हसत नव्हतीस. कोपरा हातातून सोडत नव्हतीस. मग हळूच म्हणालीस, "अख्ख्या मुरबाडच्या अंगावर मी आहे, आणि तुझ्या गोधडीत नाय?"

मी काहीतरी फटकन बोलून वेळ मारून नेली. पण तुझा चेहरा मला दिसला होता.

संध्याकाळी हॉल भरला. जत्रेच्या खरेदीला आलेल्या बायकाही आत येऊन बसल्या होत्या, मांडीवर पिशव्या घेऊन. सोनलने पडदा लावला, लॅपटॉप चालू केला. तू उठलीस, माइक घेतलास, लॅपटॉपकडे बघितलंस आणि तो मिटून ठेवलास. "मी आणलेली चित्रं दाखवत नाय," तू म्हणालीस. "इथे भिंतीवर आहेत ती दाखवते." आणि व्यासपीठावरून खाली उतरलीस.

रजनी, मी तुला शाळेपासून ओळखते असं मला वाटत होतं. त्या संध्याकाळी मी तुझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत बसले. तू गोधडीमागून गोधडीकडे जात होतीस आणि बायका खुर्च्या वळवून वळवून तुझ्याबरोबर फिरत होत्या. तू सांगितलंस की फूल काढणं सोपं असतं, जोड काढणं अवघड. डिझाइन एका चौकोनात काढायचं आणि तोच चौकोन कापडावर पुन्हा पुन्हा छापला जातो, म्हणून उजवीकडे कापली गेलेली पाकळी डावीकडून बरोबर आत आली पाहिजे, वर संपलेली वेल खालून पुन्हा निघाली पाहिजे. कुठे सुरू झालं, कुठे संपलं, ते कुणाला दिसता कामा नये. "तुम्ही गोधडीत जोड दाखवता," तू म्हणालीस, "आणि मी जन्मभर जोड लपवत आले." एका रंगाला छपाईची एक जाळी लागते, जाळी वाढली की खर्च वाढतो, म्हणून शेठ म्हणायचे रंग कमी करा, मग चार रंगांत बाग कशी उभी करायची, दोन रंग एकमेकांवर चढवून तिसरा फुकटात कसा मिळवायचा, हे तू असं काही सांगितलंस की माझ्या शेजारची बाई म्हणाली, "ही तर आपल्यासारखीच काटकसरी हाय." तुझा तो हजेरीतला आवाज कुठे गेला होता कोण जाणे. तू न थांबता, न अडखळता बोलत होतीस आणि कुणी चुळबूळसुद्धा करत नव्हतं. अभिमानाने माझा ऊर भरून आला होता. तिथे सांगितलं नाही, आता सांगते.

मग तू एका मोठ्या गोधडीपाशी थांबलीस आणि म्हणालीस, "आता माझी चूक दाखवते."

हिरव्या पानांचं कापड होतं. त्यात एक पान अर्धंच होतं, मधोमध कापल्यासारखं. नोकरी नवी असताना तुझा जोड चुकला होता. कुणाच्या लक्षात यायच्या आत ठाणच्या ठाण छापून झालं. शेठने ते सेकंडचं कापड म्हणून काढून टाकलं, आणि असलं सेकंडचं कापड जातं कुठे? जत्रेत. म्हशाच्या जत्रेत ढीग लावून विकलं गेलं, आणि तिथून सगळ्या तालुक्यात पोचलं. तू हॉलमध्ये बोट फिरवलंस. "हे अर्धं पान मला इथे पाच गोधड्यांत सापडलं. माझी चूक तुमी सगळ्यांनी पांघरलीत."

मागच्या रांगेतून धसईकडची एक म्हातारी उठली. "बाय, ती चूक व्हती व्हय? आमाला वाटलं पान किड्यानं खाल्लाय. झाडाला आसतातच की."

हॉल खो खो हसला. तू सगळ्यांत जास्त हसलीस. म्हणालीस, त्या चुकीपायी रात्र रात्र झोप लागली नव्हती, ही आजी तेव्हा भेटायला पाहिजे होती.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग तू पिशवीतून ते कापड काढलंस.

फिक्या पोपटी रंगावर बारीक पांढरी फुलं, झुबक्या-झुबक्यांनी, मध्ये लांब हिरव्या शेंगा. बघताक्षणी कळलं, कुडा. आपल्या शहापूर-मुरबाड रस्त्याला उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी फुलतो तो. तू सांगितलंस की जन्मभर गुलाब काढले कारण गाऊन गुलाबावर खपतो. दर वर्षी कुड्याचं डिझाइन घेऊन शेठकडे जायचीस आणि दर वर्षी तो म्हणायचा, "मॅडम, ये कौनसा फूल है? पब्लिक पहचानेगी नहीं. गुलाब डालो." निवृत्त व्हायच्या आधी तू हट्टाने ते सॅम्पल छापून घेतलंस. तेवढंच छापलं. बाजारात गेलं नाही, जाणारही नाही.

"इथे सगळ्यांच्या गोधडीत मी आहे," तू म्हणालीस. "फक्त माझ्या मैत्रिणीच्या गोधडीत नाय. ती बघा, दुसऱ्या रांगेत बसलीय. हे कापड मी तिला देते. तिच्या पुढच्या गोधडीत माझी ही फुलं असू देत, एवढंच मला पायजे."

टाळ्या पडल्या. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. बायकांना वाटलं मी आभार मानणार.

मी म्हणाले, "अगो, ही तर भाजी." कारण कुड्याच्या फुलांची भाजी आपण दोघींनी एका ताटात खाल्ली आहे. हॉल पुन्हा हसला. आणि मग मी म्हणाले, "पण नवं कापड गोधडीत घालत नाहीत."

मला हळू आवाजात बोलता येत नाही, तुला माहीत आहे. मी उभ्या उभ्या सांगितलं की गोधडीत वापरलेलं कापड जातं, कुणाच्या तरी अंगावरचं. भाटसा नदीच्या दगडावर आपटलेलं, उन्हात वाळलेलं. नवं कापड घट्ट असतं, सुई आत जाताना करकरते, अडते. जुन्या कापडातून सुई आवाज न करता जाते. सुईला कळतं. माझ्या आईने कधी नवं घातलं नाही, मीही घालणार नाही. कापड सुंदर आहे, तिने पडदा करावा.

"मग हे जुनं व्हायचं कसं?" तू विचारलंस, माइकशिवाय. "हे कुणाच्या अंगावर जाणारच नाय."

तेवढ्यात आभारप्रदर्शन झालं, चहा आला.

परत येताना सोनल गाडी चालवत होती आणि आपण मागे बसून भांडत होतो. सरळगाव मागे पडलं, किन्हवली गेली, तरी आपलं संपेना. तू म्हणालीस, कापड पोटातून जुनं होऊन येतं काय, कधीतरी नवं असतंच ना. मी म्हणाले, असू दे, ते नवेपण दुसरीकडे काढून यावं, माझ्याकडे येताना माणूस घेऊन यावं. तू म्हणालीस, "मग माझा माणूस नाय त्याच्यात? ती फुलं मी काढलीत, मंदे. सगळी मीच आहे की त्याच्यात."

"तू अजून जुनी नाय झालीस," मी म्हणाले.

त्यावर सोनलसुद्धा हसली. तू कापडाची घडी मांडीवर घेऊन बाहेर बघत बसलीस.

त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस. मीही नाही काढला. तुझ्या घरी आले की माझं लक्ष आधी खिडकीकडे जायचं, पडदा झाला का बघायला. झाला नव्हता. मग तुझं दुखणं निघालं. कल्याणच्या फेऱ्या, औषधं, गळणारे केस. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, ते तुझ्या अंगावर गेलं आहे. दुकान बंद असेल त्या दिवशी मी यायचे आणि तू दर वेळी मला साडीत भेटायचीस. पलंगावर पडलेली, पण साडी नेसलेली, निऱ्या नीट, पदराला पिन. मला राग यायचा. उठून बसायला त्राण नाही आणि हा थाट कुणासाठी? एकदा मी चांगलीच ओरडले, "आजारी माणसानं गाऊन घालावा, रजनी. सुटसुटीत. अंगाला हवा लागते."

तू माझ्याकडे बघितलंस आणि हसायला लागलीस. पदर तोंडावर दाबून इतकी हसलीस की ठसका लागला. सोनल धावत आली. मी पाणी दिलं. मला वाटलं, गाऊनची वैरीण गाऊनची शिफारस करते आहे म्हणून हसतेस. मीही हसले. ते आपलं शेवटचं मोठं हसणं.

शेतात भात कापणीला आलं आणि तू गेलीस.

काल सोनल दुकानात आली. हातात कापडी पिशवी. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिली, मग पिशवी माझ्या मशीनवर ठेवली. "मावशी, हे आईनं तुला द्यायला सांगितलंय. आता चालेल म्हणाली."

आत एक गाऊन होता. फिकट, कसलासा पोपटी. मी तो झटकून उलगडला आणि मग मला फुलं दिसली.

शिवण तुझ्या हाताची, दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. एक खांदा वर, एक खाली. गळा वाकडा. बाजूच्या शिवणीला फुलाला फूल लागलेलं नाही. जन्मभर जोड लपवणारीने स्वतःच्या गाऊनवर जोड असा उघडा टाकला होता. शहापुरात मी बसले असताना दुसऱ्या शिंप्याकडे जायची तुझी हिंमत झाली नसणार आणि माझ्याकडे तर यायचंच नव्हतं.

"मुरबाडहून आल्यावर आठवड्याभरात शिवला तिनं," सोनल सांगत होती. "तेव्हापासून घरात रोज ह्योच. सकाळी धुवायची, वाळला की परत ह्योच. बरी होती तेव्हा मुद्दाम नदीवर नेऊन आपटायची, घरात मशीन असून. मी विचारलं तर म्हणायची, जुना व्हायला पायजे, मंदीला लागतोय. आणि आजारपणात तर काढायचीच नाय अंगातून. फक्त तू येणार असलीस की मला हाक मारायची, साडी नेसव म्हणून. तुला दिसता कामा नये. पार जुना झाल्याबिगर दाखवायचा नाय, म्हणायची."

मी मशीनचा दिवा बंद केला आणि रडले, रजनी. माइक हातात असताना जे आलं नाही ते सगळं तिथे आलं, भर बाजारात, दुकानाचं दार उघडं असताना. समोरचा फळवाला बघत होता. बघू दे.

आज दुकान उघडलं नाही. सकाळी बसून तुझी शिवण उसवली. उसवताना प्रत्येक टाक्याला तुला शिव्या घातल्या. मग तुकडे जमिनीवर पसरून बघितले. मांडीवरचं कापड विटलं आहे. बाह्या कोपराशी झिजल्या आहेत. सगळ्यांत जास्त विरली आहे ती पाठ. उजेडात धरली तर पलीकडचं दिसतं. पडून पडून. तिथली फुलं आता ओळखू येत नाहीत, नुसते पांढुरके ठसे उरले आहेत, कुडा माहीत असणाऱ्यालाच कुडा दिसेल असे. एवढी जुनी का झालीस गो? मी तर गमतीत म्हणाले होते.

गोधडी लहानच धरली, बाळाच्या दुपट्याएवढी, आणि अस्तराला माझ्या आईचं लुगडं घेतलं. ते मी कुणाला हात लावू देत नव्हते, तूही मागून बघितलं होतंस एकदा. वर तुझे तुकडे मांडले, मध्ये मध्ये माझ्या साड्यांचे. फुलाला फूल जुळवलं नाही. गोधडीत जोड दिसू द्यायचा असतो, तूच सांगितलंस. आणि पहिला टाका घातला. सुई लोण्यात शिरावी तशी गेली. आवाज नाही, अडणं नाही. दुपारभर मी धावदोरा घालत होते आणि सुई कुठेही थांबली नाही. माझी अट तू पुरी केली होतीस, सगळी, माझ्यापेक्षा जास्त मन लावून.

गाऊनच्या खिशाचा तुकडा बाजूला ठेवला होता, तो खिसा मी शेवटी उसवला. मोठा खिसा होता, चष्मा ठेवायला लावलेला. तो निघाला आणि त्याच्या खालचं कापड समोर आलं. तिथे ऊन पोचलं नव्हतं, हात घासला नव्हता. मुरबाडच्या त्या संध्याकाळी तू उलगडून धरलं होतंस तसंच्या तसं. लख्ख पोपटी, पांढरेशुभ्र झुबके, शेंगांची टोकंसुद्धा स्पष्ट. तेव्हा मी 'भाजी' म्हणून हसण्यावारी नेलं होतं, आज निवांत बघितलं. प्रत्येक झुबक्यात एक कळी अजून उमलायची ठेवली आहेस तू. शेठला ती दिसली नसेल. मला दिसली. इतकं देखणं काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

तो तुकडा मी हातात घेतला. बोटांनी चुरगाळून बघितला. घट्ट होता. नवा.

गोधडीचा एकच कोपरा उरला होता. मी आत जाऊन सकाळची तांदळाची भाकरी आणली, तुकडा मोडला आणि कोपऱ्यात ठेवला. तुमच्याकडे असलं काही नाही हे मला माहीत आहे, पण गोधडी माझ्या घरची आहे, तिला घास मिळणार. त्याच्यावर खिशाखालचा तो तुकडा पसरला, कळी वर येईल असा, आणि सुई टोचली.

अडली. करकरली. आईची आठवण झाली, तिने काय म्हटलं असतं तेही ऐकू आलं. मी बोटात अंगुस्तान घातलं आणि सुई रेटली.

गेली पार.

जिंकलीस गो, रजने.